व्हर्नाच्या बाजूचं दार

लेस्टर कोस्काच्या ब्युइकचं उजवं दार आतून उघडत नसे. बाहेरून बटण दाबलं की छान उघडायचं, पण आत बसलेल्याने हँडल कितीही ओढलं तरी ते नुसतं लुळं हलायचं. म्हणून लेस्टर गाडी थांबवायचा, इंजिन बंद करायचा, चष्मा काढून वरच्या खिशात ठेवायचा, खाली उतरायचा आणि बॉनेटवर हात टेकत टेकत, गाडीच्या नाकावरून वळसा घालून बायकोच्या बाजूला यायचा. दार उघडायचा. मग व्हर्ना उतरायची. पन्नास वर्षांहून जास्त काळ हे असंच चाललं. पावसात चाललं, बर्फात चाललं, लेस्टरची कंबर धरली होती तेव्हा चाललं, आणि दोघांत अबोला असायचा तेव्हाही चाललं.

गावातल्या बायकांना याचं कोण कौतुक! गाव मिशिगनमधलं, चहूकडे साखरेच्या बीटाची शेतं, आणि नवरे असे की गाडीतून उतरले की सरळ चालू लागायचे, बायको मागे उतरली की राहिली ते वळून बघायचे नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी बर्डीच्या ड्राइव्ह-इनवर, गाडीत बसूनच खायच्या त्या हॉटेलावर, लेस्टर वळसा घालताना दिसला की बायका आपापल्या नवऱ्यांना कोपराने ढोसायच्या, बघ जरा, शिक काहीतरी. नवरे कुरकुरायचे की या लेस्टरने आमचं जगणं मुश्कील करून ठेवलंय. व्हर्ना सगळ्यांना एकच सांगायची, की कसलं कौतुक घेऊन बसलात, दार बिघडलंय म्हणून येतो, नाहीतर तो कशाला येतोय.

आता गंमत बघा. हा लेस्टर टेलिफोन कंपनीत तारा जोडणारा माणूस. बिघडलेली वस्तू त्याला बघवत नसे. शेजारणींची कपडे धुण्याची यंत्रं, चर्चची घंटा, व्हर्ना ज्या शाळेत मुलांचं जेवण रांधायची तिथला भला मोठा ओव्हन, सगळं त्याने कधी ना कधी खोलून पुन्हा चालू केलेलं. आणि स्वतःच्या गाडीचं दार म्हणे दुरुस्त होत नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, त्याचा पार्ट मिळत नाही. पंचावन्न सालची ब्युइक, हिरवी, वरून पांढरी, बाजूला ब्युइकची ओळख असलेली तीन गोल भोकं. तिचा दिव्याच्या कडेपासून ॲशट्रेच्या बटणापर्यंत प्रत्येक पार्ट कुठे ना कुठे मिळायचा. फक्त हाच मिळत नव्हता. पण लेस्टर बोलायचाच इतकं कमी, की एवढं बोलला म्हणजे ते खरंच असणार असं सगळे धरून चालले.

दार मुळात बिघडलं ते लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात. तेव्हाची व्हर्ना म्हणजे पायाला भिंगरी. गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडून ती खाली, आणि लेस्टर ब्रेक लावून मान वळवेपर्यंत बाई शाळेच्या स्वयंपाकघरात गडपही झालेली असायची. लेस्टरचं सगळं संथ. एकदा तो म्हणालाही होता की मला तुझी फक्त पाठच दिसते. ती म्हणाली, मग लवकर उतरत जा. त्यानंतर काही दिवसांनी ते हँडल निकामी झालं.

आणि खरं सांगायचं तर व्हर्नाला अडकून पडायचं काहीच कारण नव्हतं. त्या गाड्यांना पुढे दोन खुर्च्या नसायच्या, एकच लांब सोफा असायचा. जरा सरकलं की स्टिअरिंगखालून लेस्टरच्या बाजूने उतरता आलं असतं. उन्हाळ्यात काच खाली केली की हात बाहेर काढून बटण दाबता आलं असतं. तिची मैत्रीण मॅक्सीन हे तिला शंभरदा सांगून दमली. व्हर्ना म्हणायची की झगा अडकतो, बाहेर हात काढला की खांदा दुखतो. एकदा मुलीच्या लग्नावरून दोघांचं असं काही जुंपलं, की घरासमोर गाडी थांबवून लेस्टर तडक आत निघून गेला आणि दार उघडायला आलाच नाही. व्हर्ना बसून राहिली. रागाने फुललेली, पर्स मांडीवर, नजर समोर. सरकली नाही. बऱ्याच वेळाने लेस्टर हॅमचं सँडविच खात बाहेर आला, दार उघडलं आणि उरलेलं अर्धं तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं. भांडण तिथेच मिटलं, आणि मुलीने करायचं त्याच मुलाशी लग्न केलं.

लेस्टर गेला ऑक्टोबरात. तिकडे पहिलं बर्फ पडायच्या आत जुन्या गाड्या आत ठेवायची घाई असते, कारण रस्त्यावर मीठ टाकायला लागले की पत्रा कुजतो. त्या दिवशी त्याने ब्युइक धुतली, पुसली, चाकं ठोकळ्यांवर चढवली, उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या नळीत तारेचा चोथा कोंबला, वर चादर घातली. आत येऊन हात धुतले आणि म्हणाला, जरा बसतो. व्हर्नाने सूप गरम करून टेबलावर आणेपर्यंत तो खुर्चीतच गेला होता. तिने त्याला हाक मारली, हलवलं, फोन केला. मग माणसं येईपर्यंत काय करायचं ते सुचेना, म्हणून वाडग्यातलं सूप परत भांड्यात ओतलं आणि वाडगा धुऊन ठेवला.

रडू आलं नाही. चर्चमध्ये आलं नाही, दफनाच्या वेळी आलं नाही, घरी परतल्यावर दोन उश्यांपैकी एक रिकामी बघूनही आलं नाही. मुलगी जॅनिस फिनिक्सहून आली होती, ती आईकडे सारखी चोरून बघायची, की आता फुटेल, मग फुटेल. बायका पिरोग्या, म्हणजे त्या उकडलेल्या पोलिश करंज्या, आणि चीजमध्ये भाजलेले बटाटे घेऊन आल्या आणि हातरुमाल तयार ठेवून बसल्या. व्हर्नाने सगळ्यांना कॉफी दिली, भांडी कुणाची कोणती ते नीट लक्षात ठेवून परत केली. जॅनिसला वाटलं आई खंबीर आहे. खंबीर कसली, तिला काही वाटतच नव्हतं. भूक लागायची तेव्हा जेवायची, झोप यायची तेव्हा झोपायची. टीव्हीवर कुणी विनोद केला तर तो विनोद आहे हे कळायचं. थँक्सगिव्हिंगला टर्की काढताना ओव्हनच्या जाळीला मनगट चिकटलं, ते तिला दुसऱ्या दिवशी भांडी घासताना फोड दिसला तेव्हा कळलं. फोडाकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग त्यावर मलम लावलं आणि उरलेली भांडी घासली.

मॅक्सीनला तिने हे सांगितलं. म्हणाली, मी वाईट बाई आहे का गं? बावन्न वर्षं एका माणसाबरोबर काढली आणि एक थेंब नाही. मॅक्सीन म्हणाली की येईल, त्याची त्याची वेळ असते. व्हर्ना म्हणाली की नाही आलं तर? 

त्याच सुमाराला ड्वेन हॅकेट आला. ड्वेनचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. साठी उलटलेला, पोट पुढे, मन मऊ. व्हर्नाच्या हातचं शाळेतलं जेवण जेवून मोठा झालेला, त्यामुळे अजूनही तिला मिसेस कोस्का म्हणायचा आणि तिच्यासमोर टोपी हातात घेऊन उभा राहायचा. गावातले निम्मे पुरुष तसेच. बर्डीवर शुक्रवारी जमणारी जी मंडळी होती, त्यांची सगळी हयात गाड्यांत गेलेली. साल आठवायचं तर कॅलेंडर नाही, गाडी आठवायचे. आमची आई गेली तेव्हा आमच्याकडे मर्क्युरी होती, म्हणजे एकसष्ट असणार, असं. सतरा वर्षांचे असताना ज्या गाडीत बसून पोरी फिरवल्या ती गाडी म्हातारपणी कुठून तरी हुडकून आणायची, तिच्यात सगळा रिकामा वेळ ओतायचा, आणि शुक्रवारी बर्डीच्या आवारात उलटी लावून, बॉनेट उघडून, मागे घडीच्या खुर्च्या टाकून बसायचं. बर्डीच्या पोरी काचेला ट्रे अडकवून खिमा घातलेले हॉटडॉग आणि बर्फाळ मगांतून गोड, बिनदारूची रूट बिअर आणून द्यायच्या. बोलणं काय, तर तेच ते. तो इंजिनाचा आवाज, ती रविवारची संध्याकाळ, तो रस्ता जो आता सरळ करून टाकलाय.

त्यांची एक रीत होती. कुणी गेलं की त्याची बर्डीवरची जागा रिकामी ठेवायची, तिथे त्याचा कॉफीचा मग उलटा घालायचा. आणि त्याच्या गाडीचं जे काही राहून गेलेलं असेल ते सगळ्यांनी मिळून हिवाळ्यात पुरं करायचं. मे महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी त्याच्या बायकोला शेजारी बसवून ती गाडी तिथे आणायची, तो उलटा मग उचलायचा, आणि त्यानंतर जागा मोकळी. लेस्टर गेली कित्येक वर्षं म्हणत होता की रंग एकदा करायला हवा, सीट बसकी झालीय, क्रोम गेलंय. ड्वेन टोपी फिरवत म्हणाला की आता आम्ही करतो. सगळं करतो. तुम्ही फक्त हो म्हणा.

व्हर्ना हो म्हणाली. त्यांच्यावर उपकार म्हणून नाही. तिला एकदम वाटलं की रडू येईल तर तिथेच येईल. मे महिन्यात त्या गाडीत, आपल्या जागेवर बसले, आणि शेजारी लेस्टर नसला, की मग काहीतरी हलेल. हलायलाच हवं. तिथेही नाही आलं तर मग आपण संपलोच, नुसत्या जेवतोय आणि झोपतोय. ड्वेन गेल्यावर तिने हे मॅक्सीनला फोन करून सांगितलं, आणि त्या क्षणापासून तिने सगळी मदार त्या शुक्रवारवर टाकली.

जानेवारीत ती एकदा गॅरेजवर गेली, मंडळींसाठी हॅमची सँडविचं घेऊन. गाडी सगळी खोललेली. दारं भिंतीला टेकवून ठेवलेली, सोफा बाहेर, लेस्टरच्या बसण्याने पडलेला तो खड्डा उघड्यावर. चार-पाच म्हातारे गाडीभोवती गुडघ्यांवर बसून घासत होते. तुटका स्क्रू असो की गंजलेला वायसर, गाडीतून निघालेली प्रत्येक चीज ते छोट्या पिशव्यांत भरून ठेवत होते, कारण जुन्या गाडीतलं काही फेकणं त्यांच्यात पाप. ड्वेनने तिला चकाकणारं क्रोम उचलून दाखवलं. त्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं, म्हातारं आणि शांत. तिच्या मनात आलं की दाराबद्दल सांगावं. म्हणावं की बाकी काय हवं ते करा, माझ्या दाराला हात लावू नका. पण त्यात सांगण्यासारखं काय होतं? बिघडलेलं दार बिघडलेलं ठेवा, असं कुणाला सांगायचं, आणि तेही थंडीत गुडघे दुखवून काम करणाऱ्या माणसांना? शिवाय पार्ट तर मिळतच नव्हता. तिने सँडविचं दिली, सगळं फार सुंदर होतंय म्हणाली आणि घरी आली.

मे महिन्यातला तो शुक्रवार स्वच्छ उजाडला. संध्याकाळी ड्वेन गाडी घेऊन दारात आला. शर्ट इस्त्रीचा, टोपी नवी. गाडी अशी दिसत होती जशी लेस्टरने विकत घेतली तेव्हासुद्धा दिसत नव्हती. ड्वेनने दार उघडून धरलं, व्हर्ना बसली. झगा सावरला, पर्स मांडीवर घेतली आणि वाट बघू लागली.

काही आलं नाही. सोफा ताठ, नवा, रेक्झिनचा आणि गोंदाचा वास. लेस्टरच्या पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास गेला होता. तो खड्डाही गेला होता, तिथे आता ड्वेनसुद्धा उंच बसल्यासारखा दिसत होता. त्याने किल्ली फिरवून पायाने ॲक्सिलरेटर दाबला, आणि इंजिन लागलं. लेस्टरच्या पायाखाली ते आधी दोनदा खोकायचं, मग लागायचं. आता पहिल्याच दाबाला लागलं. मुख्य रस्त्यावर लोक थांबून हात हलवत होते. व्हर्नानेही हात हलवला. ड्वेन तिच्याकडे आशेने बघत होता, म्हणून ती म्हणाली की छान चालतेय. आतून म्हणत होती, ये ना. ये आता. बर्डी येतंय जवळ, ये.

बर्डीच्या आवारात सगळ्या गाड्या रांगेत लागलेल्या, मधली एक जागा रिकामी, तिथे लेस्टरचा उलटा घातलेला मग. मॅक्सीनने तो उचलला. ड्वेनने गाडी उलटी आत घेतली, इंजिन बंद केलं, आणि उतरला. टाळ्या वाजल्या. बायकांनी रुमाल काढले.

व्हर्ना बसून राहिली.

तिच्या हे लक्षातही आलं नाही. इंजिन बंद झालं की बसून राहायचं आणि समोर बघायचं, एवढंच तिच्या अंगाला माहीत होतं. तिची नजर बॉनेटवरून त्याच्या टोकाकडे गेली. तिथे कुणी नव्हतं. ड्वेन आपल्याच बाजूला उभा, दारावर हात टेकून, तोंडभर हसू. सगळी मंडळी तशीच हसत होती, पोरं एखादी खोडी लपवून उभी राहतात ना, तशी. त्याने वाकून खिडकीतून आत तोंड घातलं.

"ओढा की, मिसेस कोस्का. हँडल ओढा."

तिने ओढलं. दार उघडलं. लोण्यातून सुरी जावी तसं. आणि आता तर टाळ्यांचा कडकडाट झाला, शिट्ट्या झाल्या, कारण हीच तर त्यांची भेट होती. आख्खा हिवाळा लपवून ठेवलेली. व्हर्ना उतरली, स्वतःची स्वतः, डांबरावर उभी राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने सगळ्यांचे आभार मानले. तिला वाटलं, झालं. एवढंच होतं.

ड्वेनला मात्र सांगितल्यावाचून राहवेना. म्हणाला की गंमत ऐका, बिघडलेलं काही नव्हतंच. दाराचं अस्तर काढून बघतो तर हँडलची सळई कुलपापासून सोडवलेली. दोघांना धरून ठेवणारी एवढीशी क्लिप, ती काढून आतच बाजूला बांधून ठेवलेली. आणि सगळ्याला ग्रीस, तेही अलीकडचं. म्हणजे लेस्टरने मधूनमधून अस्तर काढून ग्रीस भरलं, नि क्लिप लावायची ती नाहीच लावली. आपला लेस्टर! म्हातारा विसरला दरवेळी. तो हसला, आणखी दोघं हसले.

"कशाने बांधली होती?" व्हर्नाने विचारलं.

"काय?"

"क्लिप. कशाने बांधली होती ती?"

"तारेने. टेलिफोनची असते ना, निळी-पांढरी, त्याने."

ती तार व्हर्नाच्या घरात सगळीकडे होती. लेस्टर कामावरून तिचे तुकडे आणायचा. टोमॅटोची रोपं त्याने बांधलेली, ख्रिसमसची माळ त्याने, त्याच्या चष्म्याची दांडीसुद्धा त्याने. पहिल्या हिवाळ्यात बांधलेली क्लिप तो इतकी वर्षं अधूनमधून सोडवत होता, दाराला ग्रीस भरत होता, गंज चढू देत नव्हता, आणि पुन्हा तिथेच बांधून अस्तर लावून टाकत होता. आणि बाहेर येऊन सांगत होता की पार्ट मिळत नाही. आणि ती? ती तरी कधी सरकली होती? झगा अडकतो म्हणे.

हसणं एकेकाचं थांबत गेलं. मॅक्सीन हातात लेस्टरचा मग धरून उभी होती.

"ड्वेन," ती म्हणाली, "तू गाढव आहेस. तुम्ही सगळेच गाढव आहात."

ड्वेनच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. त्याने टोपी काढली.

"काढ ती," व्हर्ना म्हणाली.

"काय काढू?"

"क्लिप. काढ आणि होती तशी बांध."

तो म्हणाला की आत्ता? इथे? नवं अस्तर आहे, सरळ बसवलंय, खुणा पडतील. व्हर्ना म्हणाली, "ड्वेन हॅकेट, शाळेत तुला दुसऱ्यांदा पुडिंग कोण वाढायचं?" मग त्याने टोपी बाजूला ठेवली. स्क्रूड्रायव्हर मागायची गरजच नव्हती, तिथल्या प्रत्येक डिकीत तीन तीन होते. डांबरावर कांबळं अंथरून त्याने अस्तर उतरवलं आणि क्लिप काढली. ती तारही होती. फेकतील ते हे लोक कसले, डिकीतल्या पिशवीत बाकीच्या जुन्या चिजांबरोबर ठेवलेली होती. ड्वेनने क्लिप बाजूला बांधली, लेस्टरने जसा पीळ दिला होता तसाच दिला, आणि अस्तर परत लावलं.  बर्डीच्या पोरी ट्रे हातात घेऊन ताटकळत उभ्या होत्या.

व्हर्ना आत बसली. तिने त्याला बाहेरून दार लावायला सांगितलं, आणि सगळ्यांना म्हणाली की आता जा, आपापल्या खुर्च्यांवर बसा, माझ्याकडे बघू नका. ते गेले. बघत होतेच, पण जरा लांबून.

तिने हँडल ओढलं. लुळं. पूर्वीसारखं. हे हाताला ओळखीचं होतं, त्या सगळ्या नव्या गाडीत एवढंच ओळखीचं होतं. तिने पर्स मांडीवर घेतली आणि समोर बघत बसली. आता तो चष्मा खिशात ठेवेल. आता उतरेल. आता बॉनेटवर हात टेकत तिकडून येईल. ती त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली, उजेड उतरत गेला, बर्डीची लाल पाटी लागली आणि तिचा रंग बॉनेटवर पडला. ड्वेनच्याने बघवेना. तो दार उघडायला उठला, तर मॅक्सीनने त्याची बाही धरली आणि खाली बसवला.

कुणी आलं नाही. व्हर्नाला कळलं की आता कुणी येणार नाही. हे तिला ऑक्टोबरापासून माहीत होतं, पण कळलं ते आता.

मग ती सरकली. जन्मात पहिल्यांदा. पर्स तिथेच राहिली. तो खड्डा जिथे होता तिथून गेली, स्टिअरिंगखाली झगा अडकला, खरंच अडकला, तो ओढून सोडवताना गुडघा स्टिअरिंगच्या दांड्यावर असा आपटला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. लेस्टरचं दार उघडून ती लेस्टरच्या बाजूने खाली उतरली आणि दाराला धरून उभी राहिली.

गुडघा ठणकत होता. चांगलाच ठणकत होता, वर मांडीपर्यंत कळ जात होती. तिने तो दाबून बघितला, आणखी दुखला. मॅक्सीन हातातला मग खाली ठेवून धावत आली, म्हणाली काय झालं, बघू.

"दुखतंय गं," व्हर्ना म्हणाली. "फार दुखतंय." आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती रडायला लागली. मोठ्याने, सगळ्यांसमोर, लेस्टरच्या दाराला धरून.

ड्वेन पळत जाऊन बर्डीच्या खिडकीतून फडक्यात बर्फ घेऊन आला, खाली बसला आणि तिच्या गुडघ्याला लावायला गेला. तिने त्याचा हात बाजूला केला.

"राहू दे," ती म्हणाली. "दुखू दे जरा."